ओझं वाहणारं विमान: डाकोटाची नोकरी इतकी लांबली कशी?

डाकोटा विमानात साधारण पावणेतीन टन माल जायचा. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजायचं तर चोपन्न पोती. वाशीच्या बाजारात एखादा मध्यम ट्रक याहून जास्त माल उतरवून जातो. वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बंदूक एकही नाही, चिलखत नाही. लढाऊ विमानांच्या इंधन टाक्यांना आतून रबरी अस्तर असायचं, गोळीने भोक पडलं तर ते आपोआप बुजायचं. डाकोटाच्या टाक्यांना तेही नव्हतं. असं हे विमान दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीपासून इंफाळपर्यंत प्रत्येक मोठ्या मोहिमेत होतं. युद्ध संपल्यावर श्रीनगर, पुंछ आणि लेह त्याने धरून ठेवलं, १९७१ साली पुन्हा लढाईवर गेलं, आणि त्याचे काही भाऊबंद आजही पगारी नोकरीत आहेत.

हे कसं जमलं, ते समजून घ्यायचं तर आधी विमान काय होतं ते पाहू.

डाकोटा मुळात लष्करी विमान नव्हतंच. अमेरिकेत सांता मोनिका इथल्या डग्लस कंपनीने अमेरिकन एअरलाइन्ससाठी झोपण्याच्या बर्थांचं प्रवासी विमान बनवलं. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ला झालं. त्याची बसायच्या आसनांची आवृत्ती म्हणजे डीसी-३. युद्ध आलं तेव्हा याच विमानाची जमीन मजबूत केली, डाव्या बाजूला रुंद दुहेरी दार बसवलं, गुबगुबीत खुर्च्या काढून भिंतीलगत पत्र्याची बाकं लावली, आणि सी-४७ तयार झालं. ब्रिटिश हवाई दलाने त्याचं नाव डाकोटा ठेवलं आणि आपल्याकडे तेच रुळलं. लष्करासाठी अशी दहा हजारांहून जास्त विमानं बनली. गंमत अशी की युद्धाआधीच जपान्यांनी आणि रशियनांनी त्याचे परवाने विकत घेतले होते. त्यामुळे ब्रह्मदेशाच्या आकाशात दोन्ही बाजूंकडे जवळजवळ सारख्याच आकाराची मालवाहू विमानं उडत होती.

आता त्याच्या अंगातले गुण. पंख वजनाच्या मानाने मोठे, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २९ मीटर. मोठ्या पंखामुळे विमान कमी वेगातही हवेत तरंगतं, म्हणजे उतरताना वेग कमी ठेवता येतो, म्हणजे धावपट्टी लांब लागत नाही. चाकं जाड. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर उभं असताना विमानाचं नाक वर आणि इंजिनाचे पंखे जमिनीपासून उंच राहतात. माळरानावर, भातखाचरं सपाट करून केलेल्या पट्टीवर खडे उडाले तरी पंख्यांना इजा कमी. दोन इंजिनं, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, चौदा सिलिंडर गोलाकार मांडलेली आणि वाऱ्यानेच थंड होणारी. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या नळीला एक गोळी लागली की पाणी गळून इंजिन काही मिनिटांत गरम होऊन बंद पडतं. इथे गळायला पाणीच नाही.

आणि दुरुस्ती. पंखांचे बाहेरचे भाग मधल्या भागाला बोल्टांच्या रांगेने जोडलेले. १९४१ साली चीनमध्ये एका डीसी-३चा उजवा पंख जपानी बॉम्बने तुटला. बदली पंख मिळेना. हाँगकाँगला आधीच्या मॉडेलचा, म्हणजे डीसी-२चा पंख पडून होता. तो जवळपास पाच फूट आखूड. तरी तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणला, बसवला, आणि एक पंख लांब व एक आखूड अशा अवस्थेत ते विमान उडून सुखरूप पोहोचलं. लोकांनी त्याला ‘डीसी-अडीच’ म्हणायला सुरुवात केली. माझ्या मते डाकोटाच्या दीर्घ नोकरीचं अर्धं कारण या एका घटनेत आहे. सर्वोत्तम असण्यापेक्षा, जे हाताशी आहे त्यावर चालणं त्याला जास्त जमायचं.

त्याची दुबळी बाजूही तितकीच खरी. ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनी तोडल्यावर एप्रिल १९४२पासून आसामातल्या दिंजान, छाबुआ अशा तळांवरून हिमालयाची पूर्वेकडची टोकं ओलांडून चीनला माल पोहोचवायची सेवा सुरू झाली. वैमानिक त्या मार्गाला ‘हम्प’, म्हणजे उंटाचं मदार म्हणत. तिथे डोंगरमाथे इतके उंच की भरलेल्या डाकोटाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेलं एक त्याला त्या उंचीवर टिकवू शकत नसे. खाली दरीत उतरावं तर ढग. या मार्गावर सर्व प्रकारची मिळून शेकडो विमानं गेली. पुढे तिथे जास्त ताकदीची मोठी विमानं आणावी लागली.

दुसरा दुबळेपणा म्हणजे हे विमान मार चुकवू शकत नाही आणि सोसूही शकत नाही. ११ जुलै १९४३च्या रात्री सिसिलीवर छत्रीसैनिक घेऊन निघालेल्या १४४ विमानांवर खालच्या दोस्त राष्ट्रांच्याच जहाजांनी आणि तोफांनी गोळीबार केला. थोड्याच वेळापूर्वी जर्मन हल्ला होऊन गेला होता, तोफांवरची माणसं घाबरलेली होती. २३ विमानं आपल्याच लोकांनी पाडली. पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या वेळी दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर काळे-पांढरे जाड पट्टे दिसतात, ते याच अनुभवातून आले. त्या ५-६ जूनच्या रात्री आठशेहून जास्त सी-४७ विमानांनी सुमारे तेरा हजार अमेरिकन छत्रीसैनिक सोडले, ढगांमुळे आणि माऱ्यामुळे बरेचसे भलतीकडेच. नॉर्मंडीबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून तिथे थांबत नाही. आपल्याला जवळची गोष्ट ब्रह्मदेशच्या सीमेवरची आहे, आणि डाकोटाचं खरं काम समजतं तेही तिथेच.

मार्च १९४४. जपानी सैन्य मणिपुरात शिरलं. २९ मार्चला इंफाळ-कोहिमा रस्ता तुटला आणि तो २२ जूनला मोकळा झाला. मधले जवळजवळ तीन महिने इंफाळच्या खोऱ्यातलं अख्खं सैन्य हवेतून आलेल्या रसदीवर जगलं आणि लढलं. वेढा पूर्ण पडायच्या आधीच ५वी इंडियन डिव्हिजन ब्रह्मदेशातल्या आराकानच्या लढाईतून उचलून विमानांनी थेट इंफाळ आणि दिमापूरला आणली होती. तोफा, जीप, खेचरं सगळं विमानात. एक पूर्ण डिव्हिजन एका रणांगणातून दुसऱ्यात हवाईमार्गे नेण्याचा युद्धातला हा पहिला प्रसंग. आत येताना धान्य, दारूगोळा, पेट्रोल. परत जाताना जखमी आणि बिनलढाऊ माणसं. माणसं बाहेर काढण्यामागचा हिशेब रोकडा होता: एक तोंड कमी झालं की रोजचं तेवढं धान्य आणायचं वाचतं.

हवेतून रसद म्हणजे नेमकं काय होतं? विमान उतरू शकलं तर सोपं. उतरायला जागा नसेल तर माल टाकायचा. तांदूळ, डाळ, जनावरांचा चारा छत्रीशिवायच टाकत. आतलं पोतं गच्च, त्यावर दुसरं पोतं ढिलं. आपटल्यावर आतलं फाटतं, बाहेरचं माल धरून ठेवतं. दारूगोळा, औषधं, यंत्रं यांना मात्र छत्री हवी. छत्र्यांसाठी रेशीम लागायचं आणि ब्रह्मदेश आघाडी यादीत सगळ्यात शेवटी. तेव्हा १४व्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांच्या माणसांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना विचारलं आणि तागाच्या कापडाच्या छत्र्या करून घेतल्या. त्यांना नाव पडलं ‘पॅराज्यूट’. माणूस टांगण्याच्या लायकीच्या त्या नव्हत्या, पण पेटीसाठी पुरेशा होत्या, आणि किंमत नेहमीच्या छत्रीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास.

टाकणं हेही कौशल्य. डाकोटाचं दार बाजूला, मागे नाही. दारातून एका वेळी थोड्याच पोत्यांचा ढीग ढकलता येतो. वैमानिक घंटा वाजवतो किंवा दिवा लावतो, आतली माणसं पाठ टेकून पायांनी ढीग बाहेर लोटतात, विमान वळसा घेऊन परत येतं, पुन्हा लोटतात. टाकताना वेग ताशी दोनशे किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. एक पोतं दारात अडकलं आणि तीन सेकंद उशीर झाला, तर माल एकशे पासष्ट मीटर पुढे. खालची आपली जागा तीन-चारशे मीटरचीच असेल तर? छत्रीवरचा माल वाऱ्याबरोबर वाहतो तो वेगळाच.

हा हिशेब किती जीवघेणा ठरू शकतो ते सांगशाकला दिसलं. इंफाळच्या ईशान्येला डोंगरावरचं हे नागा गाव. तिथे ५०व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडने मार्च १९४४च्या शेवटच्या आठवड्यात जपान्यांना रोखून धरलं. त्या ब्रिगेडबरोबर ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर पाणी नाही, खंदक खणायला खडक आडवा, आणि मोर्चाची जागा अगदी तुटपुंजी. डाकोटा आले, माल टाकला, आणि त्यातला बराचसा टेकडीच्या उतारावर जपान्यांच्या हाती गेला. आपलं पाणी आणि गोळ्या शत्रूच्या बाजूला उतरताना पाहायच्या. २६ मार्चच्या रात्री उरलेले लोक तिथून निघाले, पण त्या काही दिवसांत इंफाळ आणि कोहिमा सावरायला वेळ मिळाला. डाकोटाच्या कौतुकाच्या लेखांत सांगशाक सहसा येत नाही. मला ते यायला हवं असं वाटतं, कारण हवाई रसदीची मर्यादा त्यात उघडी पडते. ती मोठ्या खोऱ्याला जगवते, लहान टेकडीला जगवेलच असं नाही.

आणखी एक अट असते. आकाश आपलं असावं लागतं. १९४३च्या अखेरीस स्पिटफायर विमानं या आघाडीवर आली, जपानी लढाऊ विमानांना मागे रेटलं, म्हणून १९४४मध्ये बिनबंदुकीचे डाकोटा दिवसाढवळ्या फेऱ्या मारू शकले.

युद्ध संपलं तेव्हा शेकडो अमेरिकन आणि ब्रिटिश विमानं, त्यांचे सुटे भाग, भंगार भारतातच राहिलं. परत नेण्यापेक्षा विकणं स्वस्त. (हे भंगार किती होतं याची खूण कायद्याच्या अभ्यासक्रमात आहे. बयाणा रक्कम जप्त करण्याबद्दलचा ‘श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलीचे विद्यार्थी वाचतात. तो सौदा पानागढला पडलेल्या दहा लाख रुपयांच्या विमानी भंगाराचा होता.) स्वस्त डाकोटा मिळाले म्हणून देशात खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या, आणि भारतीय हवाई दलाकडेही वाहतुकीला तेच विमान आलं. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

२७ ऑक्टोबर १९४७च्या सकाळी दिल्लीहून १ शीख पलटणीचे जवान घेऊन डाकोटा श्रीनगरला निघाले. काही हवाई दलाचे, काही थेट प्रवासी कंपन्यांकडून घेतलेले. श्रीनगरची पट्टी कच्ची, तिथे इंधन भरायची सोय नाही. म्हणजे परतीचं पेट्रोल इथूनच न्यायचं, आणि जितकं पेट्रोल जास्त तितके जवान कमी. कागदावर २८ सैनिकांची क्षमता असलेल्या विमानात प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी बसवावे लागले. पट्टी काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या हाती पडली आहे की नाही हेही दिल्लीत नक्की माहीत नव्हतं. आधी वरून घिरटी घालून पाहा, मग उतरा, अशी सूचना होती. पट्टी मोकळी होती. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला धारातीर्थी पडले. पण विमानतळ हातात राहिला, आणि त्यानंतरचे दिवस डाकोटांच्या फेऱ्या चालूच राहिल्या.

प्रवासी कंपन्यांचे वैमानिक या कामाला कसे चालले, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपं आहे. विमान तेच होतं. कालपर्यंत प्रवासी नेणारा डाकोटा आज जवान नेत होता, नव्याने शिकायचं फारसं काहीच नव्हतं.

पुंछला तर शहरच वेढलं गेलं होतं. सैनिक आणि निर्वासितांनी मिळून पट्टी तयार केली आणि डिसेंबर १९४७मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डाकोटा उतरवला. वेढा उठेपर्यंत, म्हणजे जवळपास वर्षभर, शहर त्या पट्टीच्या आधाराने तगलं. तोफाही विमानातूनच गेल्या. याच मोहिमेत डाकोटाला बॉम्बफेकीलाही जुंपलं. बॉम्ब दारापर्यंत गडगडत आणायचे आणि हाताने बाहेर ढकलायचे. इंफाळला पोती ढकलायची तीच पद्धत.

पण मेहर सिंगांचं खरं धाडस लेहचं. सोनम नोर्बू या इंजिनिअरने सिंधू नदीजवळ कच्ची पट्टी बनवून घेतली होती. २४ मे १९४८ला मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन तिथे उतरले. लेहची उंची दहा हजार फुटांच्या वर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण सत्तर टक्केच दाट. विरळ हवेत पंखाला तेवढाच उचल मिळवायला जमिनीवरचा वेग पंधरा-वीस टक्के वाढवावा लागतो, म्हणजे धाव लांबते. त्याच वेळी इंजिनाची ताकद आणि पंख्याची पकड दोन्ही कमी. उतरणं जमलं तरी परत उडणं जमेल का, हा खरा प्रश्न. वाटेत हिमशिखरं, विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, आणि त्या मार्गाचा नीट नकाशाही नाही. जमलं. त्या हवाई वाटेने लेहला कुमक पोहोचली आणि लेह राहिलं.

त्याच उन्हाळ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला याच विमानाला मात्र घरी पाठवत होते. रशियनांनी बर्लिनचे रस्ते बंद केल्यावर जून १९४८मध्ये शहराला विमानाने कोळसा आणि पीठ पुरवणं सुरू झालं. सुरुवात सी-४७नेच झाली. पण चार इंजिनांचं सी-५४ एका फेरीत दहा टनांच्या आसपास आणायचं आणि त्याची जमीन सपाट. डाकोटाचं शेपटीचं चाक माळरानावर वरदान होतं, इथे तोच दोष ठरला. उभ्या विमानाची जमीन उतरती, त्यामुळे पोती चढावर ओढत न्यायची. दर काही मिनिटांनी एक विमान उतरतंय अशा ठिकाणी प्रत्येक मिनिट महाग. शरद ऋतूपर्यंत अमेरिकनांनी तिथून सी-४७ काढून घेतली. पुढच्या पिढीची मालवाहू विमानं पाहिलीत, उदाहरणार्थ हर्क्युलिस, तर त्यांची जमीन सपाट आणि ट्रकच्या फळीच्या उंचीला, दार मागे आणि उतरत्या फळीचं. डाकोटात माल चढवताना ज्या गोष्टींनी कंबर मोडली, त्या एकेक करून काढलेल्या दिसतात.

भारतात मात्र काम भरपूर होतं. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्यांची आपसात अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. सुरुवातीच्या काळात या कामावर डाकोटाच होते. चार वर्षांनी, १९५३ साली, सरकारने खासगी कंपन्या ताब्यात घेऊन इंडियन एअरलाइन्स बनवली, तेव्हा तिच्याकडे आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डीसी-३ होती. भंगारात जाऊ शकलं असतं अशा लष्करी मालावर एका देशाची हवाई वाहतूक उभी राहिली, हे या विमानाच्या नोंदवहीतलं मला सगळ्यात मोठं पान वाटतं. शौर्याच्या कथांपुढे ते झाकलं जातं.

१९७१मध्ये डाकोटा पुन्हा युद्धावर. दिमापूरला बांगलादेशच्या हवाई दलाचा जन्म झाला तेव्हा त्याच्याकडे एक ऑटर विमान, एक अलूएत हेलिकॉप्टर आणि एक डाकोटा होता. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्रीसैनिक उतरले, त्या ताफ्यात अँटोनोव्ह आणि पॅकेट विमानांबरोबर डाकोटाही होते. उतरलेली पलटण होती २ पॅरा, म्हणजे पूर्वीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. तिने पुंगलीचा पूल घेतला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ती होती. अमेरिकनांनी त्याआधी काही वर्षं व्हिएतनाममध्ये वेगळाच उपयोग काढला होता. डाव्या बाजूच्या खिडक्यांतून आणि दारातून तीन मशीनगन लावायच्या आणि लक्ष्याभोवती डावीकडे कलून गोल घिरटी घालत राहायचं. कमी वेगाने संथ गोल फिरणं हाच इथे गुण ठरला.

शेवटचा प्रश्न, विमान इतकं टिकलं कसं? आजच्या प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये प्रत्येक उड्डाणात हवेचा दाब भरतात आणि उतरताना सोडतात. धडाचा पत्रा दर फेरीला थोडा ताणला जातो आणि सैल पडतो, हजारो फेऱ्यांनी धातू थकतो, म्हणून त्या विमानांना फेऱ्यांची मर्यादा असते. डाकोटाच्या केबिनमध्ये दाब भरतच नाहीत. त्याला आयुष्याची अशी आकडेवारीतली मर्यादा घातलेली नाही. गंज तपासा, पंखांच्या जोडाचे बोल्ट तपासा, भाग बदला, उडवा. २०११मध्ये भंगारातून विकत घेतलेला एक डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८मध्ये स्वतः उडत भारतात आला. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी तो हवाई दलाला भेट दिला, नाव परशुराम, क्रमांक व्हीपी-९०५.

इंजिनं मात्र खरी अडचण झाली आहेत. जुन्या इंजिनांना लागणारं विमानी पेट्रोल आता जगाच्या बऱ्याच भागांत सहज मिळत नाही. म्हणून अमेरिकेत ओशकोश इथली बासलर कंपनी जुनं धड घेते, लांबवते, त्यावर रॉकेलसारख्या विमानी इंधनावर चालणारी टर्बाइन इंजिनं बसवते. अशी विमानं अंटार्क्टिकात संशोधकांची ने-आण करतात. १९५६ साली दक्षिण ध्रुवावर उतरलेलं पहिलं विमानही डाकोटाच्याच जातीचं होतं. त्याच्या स्की बर्फाला चिकटल्या होत्या आणि रॉकेट पेटवून त्याला परत उडवावं लागलं होतं.